काटा बोलतोय, पण कम्प्युटर ऐकंना

मागच्या अंकात बोलता बोलता एक वाक्य लिहून गेलो, की कॉम पोर्टच्या, म्हणजे कम्प्युटरच्या सिरियल पोर्टच्या, प्रॉपर्टीजमधे उगाच हात घालू नका. झालं. सोयाबीन मोंढ्यात यायला आणि कारखान्यांची धुराडी पेटायला एकच गाठ पडली, जिकडं तिकडं काटे सुरू झाले आणि माझ्याकडं त्याच एका खिडकीचे फोटो यायला लागले, तिरपे काढलेले, स्क्रीनवर ट्यूबलाईटची चमक, खाली एकच ओळ की सर ह्यातलं काय ठेवू आन काय बदलू. म्हणून ह्या वेळी प्रिंटर, वायफाय, पेन ड्राइव्ह सगळं बाजूला. फक्त सिरियल पोर्ट, म्हणजे काटा, मशीन असलं काही जोडायचं ते जुनं भोक, आणि त्याच्या ड्रायव्हरमधल्या, म्हणजे ते पोर्ट चालवणाऱ्या प्रोग्राममधल्या सेटिंगा. ज्यांच्याकडं असली नऊ पिनची केबल नाही त्यांनी खुशाल पान उलटावं, राग नाही.

प्रश्न: माझं आडतीचं दुकान आहे. काट्याचं वजन सरळ कम्प्युटरमधे येऊन पट्टी निघावी म्हणून केबल लावली. आता तऱ्हा अशी की एखादं पोतं बरोबर येतंय, एखादं येईना. ६०.३५ आलं तर स्वच्छ दिसतं, ६१.२० आलं की ६ च्या पुढं कसलीतरी खूण, मग टिंब, परत खूण आणि शेवटी शून्य. काटेवाला म्हणतो डाटा सात बिट, पॅरिटी इव्हन पायजे. मी डिव्हाइस मॅनेजरमधे जाऊन तेच टाकलं, तीनदा टाकलं, रिस्टार्ट मारलं, फरक काहीच नाही. शेतकरी समोर उभा राहून बघायलाय, लाज वाटायलीय.
(आडत दुकानदार, उदगीर)

उत्तर: भाऊ, तुम्ही दोन्ही वजनं जशी दिसली तशी लिहून पाठवली ना, तिथंच निम्मं काम झालं. नाहीतर लोक नुसतं "कचरा येतोय" लिहितात, कचऱ्यावरून मी काय सांगणार.

आता गंमत बघा. तुमच्याकडं ०, ३, ५, ६, ९ हे पाच आकडे नीट येत असणार आणि १, २, ४, ७, ८ हे पाच बिघडत असणार. तपासून बघा, पैज लावतो. कारण असं की काटा सात बिटात आकडा पाठवतो आणि आठवं बिट पॅरिटीचं, म्हणजे एकूण एकांची संख्या सम व्हावी म्हणून जोडलेलं. ० च्या कोडमधे एक हे बिट दोनदा आहे, ३, ५, ६, ९ मधे चारदा, म्हणजे आधीच सम, तिथं पॅरिटी शून्य राहते आणि तुमच्या कम्प्युटरला काही कळत नाही. पण १, २, ४, ८ मधे ते तीनदा आहे आणि ७ मधे पाचदा, तिथं पॅरिटीचा एक चढतो आणि कम्प्युटर आठ बिट धरून वाचत असल्यानं तो चढलेला एक पण आकड्याचाच भाग समजतो. दोन्हीकडं बिटं दहा दहाच, एक स्टार्ट, सात डाटा, एक पॅरिटी, एक स्टॉप, किंवा एक स्टार्ट, आठ डाटा, एक स्टॉप. त्यामुळं गाडी रुळावरून घसरत नाही, नुसता अर्धा माल बदलून येतो. बॉड रेट, म्हणजे सेकंदाला किती बिटं जातात तो वेग, चुकला असता तर एकही आकडा धड आला नसता. म्हणजे तुमचा बॉड रेट बरोबर आहे, त्याला हात लावू नका.

मग डिव्हाइस मॅनेजरमधे तीनदा टाकून फरक का नाही? हे मला सगळ्यांनाच सांगायचंय म्हणून जरा लांबण लावतो. पोर्ट सेटिंग्ज म्हणून जे पहिलं पान आहे, बिट्स पर सेकंद, डाटा बिट्स, पॅरिटी, स्टॉप बिट्स, फ्लो कंट्रोल, ते बहुतेक वेळा नुसतं दिखाऊ आहे. पट्टीचं सॉफ्टवेअर पोर्ट उघडतं तेव्हा ते स्वतःच ड्रायव्हरला सांगतं की मला एवढा स्पीड, एवढी बिटं, ही पॅरिटी, आणि ड्रायव्हर तेच ऐकतो. तुम्ही पानावर काय लिहून ठेवलंय ते तिथं कुणी विचारत पण नाही. लग्नपत्रिकेवर छापलेल्या मुहूर्तासारखं आहे ते, छापलेलं असतं, लागतं भटजी म्हणेल तेव्हा. त्यामुळं सात आणि इव्हन हे तुमच्या पट्टीच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधे टाका. तिथं ती सोयच नसेल तर इंडिकेटरच्या, म्हणजे वजन दाखवणाऱ्या डब्याच्या, मेनूत जाऊन काट्यालाच आठ बिट, पॅरिटी नन करता येतं का ते काटेवाल्याला विचारा, बहुतेकात येतं. पण त्यासाठी सील तोडायची वेळ आली तर थांबा. ते सील वैध मापन शास्त्र विभागाचं आहे, २००९ चा कायदा आहे त्याला, आणि मोंढ्यात सील तुटलेला काटा दिसला की आकडा बरोबर असला तरी तुमचं कुणी ऐकणार नाही.

प्रश्न: वाळूजला छोटं वर्कशॉप आहे आमचं. जुनी फानुक कंट्रोलची सीएनसी, म्हणजे प्रोग्रामवर चालणारी मशीन, तिला कम्प्युटरवरून प्रोग्राम पाठवतो. छोटा प्रोग्राम मस्त जातो. मोठा, मोल्डचा वगैरे, पाठवला की मधेच ०८७ अलार्म, बफर ओव्हरफ्लो. सेटिंग ४८००, सात, इव्हन, दोन स्टॉप, झॉन झॉफ चालू. दोन केबली बदलल्या. एकजण म्हणतो मदरबोर्ड बदल, एकजण म्हणतो मशीनचं मेमरी कार्ड गेलं. मदरबोर्डवरच जुना कॉम पोर्ट आहे.
(सीएनसी ऑपरेटर, वाळूज एमआयडीसी)

उत्तर: काहीच बदलू नका, एक पैसा घालू नका अजून. हा माझ्या आवडीचा रोग आहे.

मशीनची पाठवायची आणि थांबवायची रीत साधी आहे. तिचा बफर भरत आला की ती कम्प्युटरकडं एक अक्षर पाठवते, नंबर १९, ह्यालाच झॉफ म्हणायचं, अर्थ "थांब रे बाबा". रिकामा झाला की नंबर १७, झॉन, "चल". आता थांब म्हटल्यावर कम्प्युटर लगेच थांबेल अशी फानुकला आशा नसते, ती दहा अक्षरं माफ करते. दहाच्या पुढं पण येतच राहिलं की ०८७. (०८५ आला असता तर मी स्पीड आणि पॅरिटी बघा म्हटलो असतो, ०८६ आला असता तर समोरचा तयार असल्याचा सिग्नलच पडला म्हणून केबल. तुमचा ०८७ आहे, म्हणजे बोलणं नीट चाललंय, फक्त थांबणं जमंना.)

आता तुमच्या पोर्टमधे बघू. १९८१ च्या आयबीएम पीसीत ८२५० नावाची चिप होती, तिच्यात एका वेळी एकच अक्षर मावायचं. पुढं १६५५० आली, तिच्यात सोळा अक्षरांची रांग दिली, फिफो. पहिल्या १६५५० ची रांगच नीट चालत नव्हती म्हणून मग १६५५०ए आली, आणि आजही मदरबोर्डवरचा पोर्ट तिचीच नक्कल करतो. रांग कशाला? तर ड्रायव्हरला प्रत्येक अक्षराला उठून यायला नको, एकदाच सोळा टाकून मोकळं व्हायचं. फार चांगली सोय. पण तुमच्या कामात तीच नडते. ड्रायव्हरनं सोळा अक्षरं चिपमधे टाकली, तेवढ्यात मशीनचं "थांब" आलं, ड्रायव्हर थांबला पण, इमानदारीत थांबला, पण चिपच्या पोटात गेलेली अक्षरं परत कोण काढणार, ती चाललीच. सोळा अक्षरं सुटली, मशीनची माफी दहाची. छोट्या प्रोग्रामला "थांब" म्हणायची वेळच येत नाही म्हणून तो मस्त जातो.

करायचं एवढंच. डिव्हाइस मॅनेजर, पोर्ट्स, तुमचा कॉम पोर्ट, प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, आणि खाली ॲडव्हान्स्ड. हे दुसरं पान खरं. ह्याला सॉफ्टवेअर हात लावत नाही, इथं तुम्ही जे ठेवाल तेच चालतं. तिथं दोन पट्ट्या सरकवायच्या असतात, वरची रिसीव्ह बफर, १ पासून १४ पर्यंत, खालची ट्रान्समिट बफर, १ पासून १६ पर्यंत. खालची पूर्ण डावीकडं, १ वर आणा. वरचीला हात नको. ओके मारा, प्रोग्राम पाठवायचं सॉफ्टवेअर बंद करा आणि मशीन नाही, कम्प्युटर रिस्टार्ट करा. ४८०० ला अकरा बिटांचं एक अक्षर धरलं तर सेकंदाला ४३६ अक्षरं होतात, एवढ्यासाठी एकेक अक्षर टाकायला आजच्या कम्प्युटरला काही जड नाही.

रिस्टार्ट करा हे मी मुद्दाम सांगतोय. लातूरच्या एका वर्कशॉपमधे मी स्वतः अख्खी दुपार ह्या पट्ट्या डावीकडं उजवीकडं करत बसलो होतो, समोर सॉफ्टवेअर उघडंच, पोर्ट त्यानं धरलेला, जुनीच किंमत चालू, आणि मी मालकाला ठासून सांगायलोय की फिफोचा काही संबंध नाही. चार वाजता लाईट गेली. परत आल्यावर कम्प्युटर चालू केला आणि प्रोग्राम एका दमात गेला. मालकाला अजून वाटतं की महावितरणनं दुरुस्त केलं.

आता दोन फाटे. एक, फ्लो कंट्रोल हार्डवेअर, म्हणजे थांब आणि चल अक्षरानं नाही तर वेगळ्या तारेनं, करून बघतो असं कुणी सुचवलं तर आधी केबलचं कव्हर खोला. सीएनसीच्या केबलीत बहुतेक वेळा पंचवीस पिनच्या बाजूला ४ आणि ५ आपसात जोडलेले असतात, ६, ८, २० आपसात, आणि नऊ पिनच्या बाजूला ७ आणि ८, मग १, ४, ६. म्हणजे मशीनला विचारायची तारच नाही, कम्प्युटर आपलाच हात आपल्याच हातात घेऊन "तयार आहे का? हो तयार आहे" करत बसतो. असल्या केबलीवर हार्डवेअर फ्लो कंट्रोल म्हणजे स्वतःचीच फसवणूक. दोन, पुढं कधी यूएसबी कन्व्हर्टर, म्हणजे सिरियल केबल यूएसबीच्या भोकात लावायची वायर, घेतलात तर ही पट्टी तिथं नसेल किंवा असून उपयोगाची नसेल, कारण यूएसबीत माल पाकिटानं जातो आणि चिपचं पोट सोळापेक्षा खूप मोठं असतं. तिथं झॉफ आल्यावर चिपनं स्वतः थांबायला पायजे, काहींना ते येतं, काहींना नाही. मोल्डच्या कामाला मी तरी साधं पीसीआय एक्सप्रेस कार्डच घ्या म्हणेन.

आणि वरच्या पट्टीबद्दल, कारण दुसऱ्या कुणाला लागेल. रिसीव्ह १४ वर म्हणजे सोळाच्या रांगेत चौदा जमल्यावर ड्रायव्हरला हाक. हाक मारल्यावर दोनच जागा उरतात. ९६०० ला एक अक्षर यायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, तेवढ्यात ड्रायव्हर आरामात पोचतो. १,१५,२०० ला तेच ८७ मायक्रोसेकंद, कम्प्युटर जुना आणि कामात गुंतलेला असला तर अक्षरं सांडतात. सांडत असतील तर पट्टी डावीकडं घ्या, हाका वाढतील पण माल सांडायचा नाही.

प्रश्न: आमच्या दूध संकलन केंद्रावर फॅटची मशीन आणि काटा दोन्ही यूएसबी कन्व्हर्टरनं जोडलेत. झाडताना पोरानं वायरी काढल्या, परत लावल्या, तर सॉफ्टवेअर म्हणतंय पोर्ट सापडत नाही. इंजिनियर येऊन नंबर बदलून जातो आणि दरवेळी तीनशे रुपये घेतो. आता नंबर वाढत वाढत कॉम ११ झालाय आणि सॉफ्टवेअरमधे तेवढा नंबरच नाही. सकाळी सहाला लोक किटल्या घेऊन रांगेत असतात हो.
(दूध संकलन केंद्र चालक, भूम तालुका)

उत्तर: ताई, तीनशे रुपये वाचवू. स्वस्तातल्या बऱ्याच कन्व्हर्टरच्या चिपमधे स्वतःचा सिरियल नंबर नसतो. मग विंडोज तिला चेहऱ्यानं ओळखत नाही, कुठल्या भोकात बसलीय त्यावरून ओळखते. भोक बदललं की तिच्या लेखी नवीन पाहुणा, नवीन कॉम नंबर, आणि जुना नंबर पण सोडत नाही, राखून ठेवते. असं करत करत अकरा. आणि जुन्या सॉफ्टवेअरांना दोन आकडी कॉम नंबर उघडताच येत नाही, विंडोजमधे दहापासून पुढच्या पोर्टचं नाव वेगळ्या पद्धतीनं लिहावं लागतं, ते त्या सॉफ्टवेअर करणाऱ्यानं लिहिलेलं नसतं.

संध्याकाळचं संकलन संपल्यावर बसा. डिव्हाइस मॅनेजरमधे वर व्ह्यू, त्यात शो हिडन डिव्हाइसेस. पोर्ट्सखाली फिकट रंगात जे दिसतील ती जुनी भुतं, एकेकावर राईट क्लिक करून अनइन्स्टॉल. मग जे ठळक आहेत त्यांच्या ॲडव्हान्स्डमधे जाऊन सगळ्यात खाली कॉम पोर्ट नंबर आहे, तिथं काट्याला ३, फॅटला ४ असं द्या. नंबरापुढं इन यूज लिहिलेलं दिसलं आणि तुम्हाला खात्री असेल की त्यावर आता काही नाही, तर घाबरू नका, हो म्हणा. शेवटी नेलपॉलिशची बाटली घ्या, काट्याच्या वायरीला आणि तिच्या भोकाला लाल ठिपका, फॅटच्याला दुसरा रंग. पोराला सांगा, लाल लालमधे. पुढच्या वेळी कन्व्हर्टर घेताना सिरियल नंबर असलेली चिप मागा, जरा महाग पडते पण तिला कुठल्याही भोकात घाला, नंबर तोच राहतो.

प्रश्न: ऊस काट्यावर कामाला आहे. कम्प्युटर चालू केला की माऊसचा बाण आपोआप पळायलाय, क्लिक पण होतंय, एकदा तर चालू पावतीच बंद झाली. माऊस बदलला, व्हायरस मारला. रात्रपाळीतला माणूस म्हणतो काट्याखाली काहीतरी आहे.
(काटा क्लार्क, माजलगाव)

उत्तर: काट्याखाली काही नाही, उसाचं पाचट असेल. हे काम विंडोजचं आहे. पूर्वी माऊस सिरियल पोर्टला लागायचे, १२०० बॉड, सात बिट. ती सवय विंडोज अजून सोडंना, पोर्ट दिसला की कान देऊन बघते की कोण बोलतंय. तुमचा इंडिकेटर थांबून विचारल्यावर बोलणाऱ्यातला नाही, सेकंदाला कितीतरी वेळा वजन ओकत असतो, आणि नेमकं विंडोजनं कान दिला तेव्हा त्यातलं काहीतरी माऊससारखं वाटलं. झाला तुमचा काटा माऊस. ट्रॉली चढली की बाण पळणार.

डिव्हाइस मॅनेजरमधे माईसच्या, म्हणजे माऊसांच्या यादीच्या, खाली मायक्रोसॉफ्ट सिरियल बॉलपॉइंट असं काहीतरी दिसेल. त्याला अनइन्स्टॉल करू नका, पुढच्या चालूला परत उगवतं. डिसेबल करा, म्हणजे ते तिथंच मुकाट बसतं. कन्व्हर्टरच्या ॲडव्हान्स्डमधे सिरियल एन्युमरेटर म्हणून टिकमार्क असेल, एफटीडीआय कंपनीच्या चिपच्या ड्रायव्हरमधे असतो, तर तो काढा, हीच ती कान देण्याची सवय. तेवढं होईपर्यंतचा उपाय, कम्प्युटर पूर्ण चालू झाल्यावरच इंडिकेटरची वायर लावा.

प्रश्न: जिनिंगमधे २४ वीजमीटर आरएस ४८५ वर एका लाईनीत आहेत. प्रत्येकाच्या दहा रीडिंगा घेतो, सगळी फेरी व्हायला नऊ दहा सेकंद. बॉड ९६००. बॉड वाढवला की मधले मीटर गळतात. ड्रायव्हरमधे लेटन्सी टायमर १६ दिसतोय, तो काय असतो?
(मेंटेनन्स फिटर, मानवत)

उत्तर: बरोबर जागी बोट ठेवलंत. कन्व्हर्टरची चिप आलेलं अक्षर लगेच कम्प्युटरला देत नाही, पाकीट भरायची वाट बघते, एफटीडीआयमधे ६२ अक्षरं. पाकीट भरलंच नाही तर टायमर संपल्यावर असेल तेवढं देते. टायमर १६ मिलिसेकंद. तुमच्या मीटरचं मॉडबसमधलं (मीटरशी बोलायची भाषा) उत्तर नऊ अक्षरांचं, ६२ कधी व्हायची? म्हणजे प्रत्येक उत्तर १६ मिलिसेकंदापर्यंत चिपच्या दारात उभं. २४ गुणिले १० म्हणजे २४० उत्तरं, जवळजवळ पावणेचार सेकंद नुसते दारात. टायमर १ किंवा २ करा, यूएसबीवर जरा गर्दी वाढेल, चालतंय.

पण खरा फायदा दुसरीकडं आहे आणि तो ड्रायव्हरमधे नाही. दहा रीडिंगा दहा वेळा कशाला मागता? मॉडबसमधे एका प्रश्नात १२५ रजिस्टरं, म्हणजे रीडिंगा ठेवायचे कप्पे, मागता येतात. मीटरच्या पुस्तकात बघा, ती दहा शेजारी शेजारी असतील तर एकदाच मागा, फेरी दीड दोन सेकंदावर येईल. आणि बॉड वाढवल्यावर मधले मीटर गळतात म्हणालात ते वायरिंग आहे. ४८५ ची तार बाराशे मीटरपर्यंत जाते हे खरं, पण ती एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी माळेसारखी पायजे, झाडाच्या फांद्यांसारखी नाही, आणि १२० ओहमचा रेझिस्टर फक्त दोन्ही टोकांना. कुणीतरी मधे पण लावलेला असतो, शोधा.

प्रश्न: इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी लिनक्स कर्नल, म्हणजे त्या सिस्टिमचा गाभा, स्वतः बांधायलोय. सिरियल ड्रायव्हरच्या मेनूत ८२५० चे इतके ऑप्शन आहेत की कळंना कुठलं वाय, कुठलं एम, कुठलं सोडायचं. आमच्याकडं आठ पोर्टचं जुनं कार्ड आहे, चारच पोर्ट दिसायलेत. आणि वेगळा एक यूएसबी कन्व्हर्टर पण आहे.
(विद्यार्थी, नांदेड)

उत्तर: तुझा प्रश्न बघून बरं वाटलं, नाहीतर सगळे म्हणतात डिफॉल्टवर एंटर मारत गेलो.

नावाला फसू नको, ८२५० म्हणजे त्या चिपचं अख्खं खानदान, १६५५० सकट. चारच दिसतात कारण दोन आकडे आहेत, जास्तीत जास्त पोर्ट किती आणि चालू होताना नोंदवायचे किती, दोन्हीचं डिफॉल्ट चार. पहिला वाढव, निदान बारा कर, मदरबोर्डवरचे पण मोज. दुसरा बूट करताना एनआर युआर्ट्स ह्या पॅरामीटरनं पण देता येतो, पण पहिल्याच्या वर जाता येत नाही. सिरियल कन्सोल पायजे असेल, म्हणजे कर्नल उठतानाचे मेसेज पोर्टवर बघायचे असतील, तर ड्रायव्हर एम (वेगळं मॉड्यूल) करून चालत नाही, वायच (कर्नलमधेच बांधलेला) पायजे, कारण मॉड्यूल लोड व्हायच्या आधीचंच तर तुला बघायचंय. इंटरप्ट, म्हणजे पोर्टनं प्रोसेसरला मारलेली हाक, शेअर करायचा ऑप्शन चालू ठेव, आठ पोर्टच्या कार्डाला लागतो. जुन्या पीसीत पण कॉम १ आणि ३ दोघांना इंटरप्ट ४, कॉम २ आणि ४ ला ३, अशी भागीदारी होतीच. आणि इंटरप्ट आपोआप ओळखायचा जो ऑप्शन आहे तो बंद. त्याच्या मदतीच्या मजकुरातच असुरक्षित म्हणून लिहिलंय, मदतीचं बटण दाबून वाचत जा, तिथं बरंच खरं लिहिलेलं असतं.

आठही पोर्ट दिसले आणि सगळ्यांवर कचरा आला तर बेस बॉड बघ. पीसीच्या पोर्टला १.८४३२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, भागिले १६ म्हणजे १,१५,२००, त्याला १२ नं भागलं की ९६००. कार्डावर १४.७४५६ चा क्रिस्टल असेल तर सगळं आठपट पळतं. डबीवर कोरलेलं असतं, टॉर्च मारून वाच आणि सेटसिरियल कमांडनं ड्रायव्हरला तो आकडा सांग.

यूएसबी कन्व्हर्टर ह्या मेनूत शोधत बसू नको, तो यूएसबीच्या मेनूत आहे. उबुंटू २२.०४ वर कन्व्हर्टर लावला की दिसून लगेच गायब होत असेल तर बीआरएलटीटीवाय बघ, ब्रेल डिस्प्लेसाठीचा प्रोग्राम आहे, एका स्वस्त चिपला तो आपलीच समजून पकडतो. आणि परमिशन नाही म्हणाला तर डायलआउट ग्रुपमधे स्वतःला घाल, दरवेळी सुडो करू नको.

प्रश्न: रात्री काम बंद असतं, सकाळी कॉम पोर्ट मेलेला, वायर काढून लावली की जिवंत.
(वे-ब्रिज, जालना)

उत्तर: यूएसबी रूट हब, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट, वीज वाचवायला डिव्हाइस बंद करायची परवानगी, तो टिक काढा, जेवढे हब दिसतील तेवढ्यांचा. कन्व्हर्टरच्या ॲडव्हान्स्डमधे सिलेक्टिव्ह सस्पेंड असेल तर तोही बंद. तरी मरत असेल तर पुढच्या वेळी लिहिताना त्या आदल्या रात्री वीज कडाडली होती का तेवढं कळवा, मग मी अर्थिंगचं विचारीन.